रेंज ट्रेकसाठी हलकं सामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत दोन-तीन मुक्कामांचा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्यावर सलग चालत जाणं, ठरला, की निघायच्या आठवड्यात ठरावीक प्रश्न येतात. सॅक केवढी, तंबू न्यायचा का, स्लीपिंग बॅगवरचा कुठला आकडा खरा मानायचा. त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरण म्हणून रतनवाडी–रतनगड–कात्राबाई खिंड–हरिश्चंद्रगड–पाचनई हा हिवाळ्यातला ट्रेक धरलाय, कारण त्यात शिड्या, जंगल, घसारा (सुट्या माती-दगडांचा निसरडा उतार), वाड्या आणि उघडा कातळ हे सगळं भेटतं. पावसाळा आणि हिमालय यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

हलकं म्हणजे नेमकं किती किलो?

आधी हिशेब कशाचा करायचा ते ठरवू. पाणी, शिधा आणि गॅस रोज कमी होत जातात. ते वगळून सॅकमध्ये जे उरतं, सॅक धरून, त्याला बेस वेट म्हणतात. अमेरिकेत हे बेस वेट ९ किलोच्या आत आलं तर लाइटवेट आणि साडेचारच्या आत आलं तर अल्ट्रालाइट, असा ढोबळ संकेत आहे.

आपल्या हिवाळी रेंज ट्रेकला फार पैसे न ओतता साडेपाच-सहा किलोपर्यंत येता येतं. सॅक ११०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग ९००, फोमची मॅट ३५०, दोघांतल्या तंबूचा आपला वाटा ११००, गरम कपडे आणि कपड्यांचा एक जादा जोड मिळून ९००, स्टोव्ह-पातेल्याचा वाटा ३५०, टॉर्च आणि पॉवर बँक ३५०, प्रथमोपचार २००, आणि सुरी, दोरी, रिकाम्या बाटल्या, टूथब्रश असलं किडूकमिडूक ४५०. झाले ५७०० ग्रॅम. त्यात ३ लिटर पाणी आणि तीन दिवसांचा १८०० ग्रॅम शिधा घातला की पाठीवर साडेदहा किलो. हे वजन घेऊन माणूस दिवसभर चालतो आणि संध्याकाळी गप्पा मारायलाही उरतो. सोळा किलो घेऊन निघालेला खिंडीत पोचेपर्यंत फक्त स्वतःचे बूट बघत असतो.

साडेचार किलोचा आकडा गाठायचाच असा हट्ट नको. एमा गेटवुड या आजीबाई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली ३३०० किलोमीटरची अ‍ॅपालेशियन ट्रेल एकट्या चालून गेल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि तंबूऐवजी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. त्यांच्या पिशवीत काय नव्हतं, ते त्यांच्या सामानापेक्षा जास्त शिकण्यासारखं आहे.

वजन कमी करायची सुरुवात कुठून करू?

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरून. नवीन काही घेण्याआधी, असलेली प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवा आणि कागदावर ग्रॅम लिहा. पाच किलोच्या पुढचं वजन करायला विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पुरतो.

अंदाज आणि काटा यांत किती फरक पडतो ते पहिल्याच संध्याकाळी कळतं. जाड जीन्स सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. मोठा टर्किश टॉवेल चारशे-पाचशे, आणि भिजल्यावर त्याचं काय होतं ते विचारू नका. त्याजागी पंचा न्या. स्टीलची थर्मॉसवाली बाटली रिकामीच चारशे, तर एक लिटरची मिनरल वॉटरची बाटली तीस ग्रॅमच्या आत. आणि तंबूची पिशवी उलटी केलीत तर तळाशी कधीतरी ‘असू द्या’ म्हणून टाकलेल्या जादा लोखंडी खुंट्या निघतात.

मग तीन ढीग करा. रोज लागणारं, अडचणीत लागणारं, आणि ‘लागलं तर’. तिसरा ढीग घरी ठेवा. त्यातली एखादी वस्तू दुसऱ्या ढिगात हलवायची असेल, तर ती नसल्यामुळे काय बिघडेल हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

पाणी किती घ्यायचं?

सगळ्यात जड वस्तू हीच, आणि तिची हलकी आवृत्ती कुठल्याही दुकानात मिळत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. सॅकचं कापड बदलून चारशे ग्रॅम वाचवणारी माणसं पुढच्या टाक्याची (गडावर कातळात खोदलेल्या पाण्याच्या हौदाची) खात्री नसल्यामुळे दोन लिटर जास्त वाहतात, हे नेहमी दिसतं. म्हणून हलकं जायचं असेल तर आधी वाट माहीत करून घ्या: कुठल्या टाक्यात बारमाही पाणी, कुठला ओढा जानेवारीतच आटतो, कुठल्या वाडीत विहीर. आठवड्याभरात तिथे जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारा, नाहीतर पायथ्याच्या गावात फोन करा. नोव्हेंबरमधला खळाळता झरा फेब्रुवारीत ओल्या दगडाची रेघ असतो.

हिवाळ्यात दोन पाणवठ्यांमध्ये अर्धा दिवस असेल तर दोन लिटर पुरतात. मार्चनंतर तीन-चार धरा, आणि मार्चनंतर लांब रेंज ट्रेक करायचाच कशाला, असंही एकदा स्वतःला विचारा.

टाक्याचं पाणी नितळ दिसलं तरी शुद्ध करून प्या. पोकळ धाग्यांचा छोटा फिल्टर शंभर ग्रॅमच्या आत असतो. तो जिवाणू आणि जंत अडवतो, विषाणू अडवत नाही. क्लोरीनच्या गोळीने विषाणू मरतात, पण तिला अर्धा तास द्यावा लागतो. गाव किंवा गुरं वरच्या अंगाला असतील तर दोन्ही वापरा. गढूळ, शेवाळलेलं पाणी थेट फिल्टरमध्ये ओतलं की तो तिथेच तुंबतो. आधी रुमालातून गाळा. आणि हिमालयात नेणार असाल तर रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की धागे फुटतात, बाहेरून काही कळत नाही आणि फिल्टर मात्र निकामी झालेला असतो.

सॅक किती लिटरची घ्यावी?

दोन-तीन मुक्कामांसाठी ४५ ते ५० लिटर. सत्तर लिटरची घेतलीत तर सत्तर लिटर भरेल. मोकळी जागा दिसली की हात सामानाकडे जातोच.

लिटरपेक्षा महत्त्वाचं माप पाठीचं. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका टोचतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेपने मोजा. सॅकचं माप त्याच्याशी जुळलं पाहिजे. उंची सारखी असलेल्या दोन माणसांच्या पाठी वेगळ्या भरतात. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात अर्थ नाही. दहा किलो वजन भरायला सांगा आणि जिना चढून उतरून या. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर आवळायचा, मग खांद्याचे पट्टे. नीट बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं. सगळा भार खांद्यावरच येत असेल तर ती सॅक कितीही हलकी असो, तुमच्यासाठी नाही.

सॅक हातात घेतल्यावर काय तपासायचं?

बाहेरचा रंग आणि कप्पे बाजूला ठेवा आणि सॅक उलटी करा, आतून बाहेर. खांद्याचे पट्टे पाठीला जिथे शिवलेत तिथे शिवण एकेरी आहे की दाट आडव्या टाक्यांनी पक्की केलीय, ते बघा. पट्टा हातात धरून जोरात झटका द्या. टाके ताणून मधून उजेड दिसला तर पुढची सॅक बघा. शिवणीच्या कडा पट्टीने बंद केलेल्या हव्यात, नाहीतर कापडाचे धागे निघत जातात. मोठ्या चेनचा धावता कोपऱ्यावरून दहा वेळा फिरवा. कमरेचं बक्कल पायाखाली चिरडलं गेलं तर बदलता येईल का, की तो पट्टा शिवून टाकलाय? ही शेवटची गोष्ट फार कमी लोक बघतात.

एक किलोच्या आतल्या अल्ट्रालाइट सॅक सह्याद्रीत टिकतात का?

वाट कुठली यावर आहे. कापडाची जाडी डेनियरमध्ये सांगतात: ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. साध्या मजबूत सॅकचं कापड २१० किंवा त्याहून जास्त असतं, हलक्या सॅकचं १०० च्या आसपास, आणि अगदी पातळ कापड ३०-४० पर्यंत जातं. परदेशातल्या आखीव पायवाटेवर ते बरीच वर्षं चालतं. आपल्याकडे करवंदीच्या जाळीतून वाकून जावं लागतं, घसाऱ्यावर बसून उतरावं लागतं आणि टेकायची जागा म्हणजे खरखरीत बेसॉल्ट. अलंग-मदन-कुलंग या गडांच्या कातळटप्प्यावर सॅक दोराने ओढून घेतात, तेव्हा तर ती दगडावर किसलीच जाते. तिथे पातळ कापड नकोच. रतनगड-हरिश्चंद्रगडसारख्या वाटेला १०० डेनियर चालेल, तळाचं कापड जाड असेल तर उत्तम.

मॅट सॅकच्या बाहेर आडवी बांधायची सवय मात्र सोडा. जाळीत ती अडकते, आणि रतनगडाच्या शिड्यांवर तर मागून कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. उभी बांधा किंवा आत गुंडाळून तिच्या पोकळीत सामान भरा.

तंबू न्यायचा, की गुहेत-देवळात झोपायचं?

गुहा आहे म्हणून तंबू घरी ठेवला, तर किलोभर वजन वाचतं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी हे जमूनही जातं. शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडाच्या गुहेत जागा मिळेल या भरवशावर निघू नका. शिवाय मुक्कामाचे नियम गडागणिक वेगळे आहेत. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा निघण्याआधी वनखात्याकडे आणि पायथ्याच्या गावात चौकशी करा.

मधला मार्ग म्हणजे साधी ताडपत्री किंवा टार्प. हिवाळ्यात सह्याद्रीत पाऊस बहुधा नसतो, पण दव पडतं आणि वारा असतो. चारशे-पाचशे ग्रॅमचा टार्प दोन काठ्यांवर ताणला की दोन्हींचं बऱ्यापैकी निभतं. विंचू-किड्यांची भीती वाटणाऱ्यांना हा उपाय पटत नाही, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही.

वाडीत मुक्काम केला तर तंबूचा प्रश्नच मिटतो. कुमशेत, पाचनई, खिरेश्वर अशा गावांत घरी राहायची-जेवायची सोय होते, आणि पैसे गावात जातात. रेंज ट्रेकचा एक मुक्काम गावात बसवलात तर एका वेळचा शिधाही कमी होतो. मला विचाराल तर वजन कमी करायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि ज्वारी-नाचणीची गरम भाकरी वर मिळते.

तंबू विकत घेताना कुठले आकडे बघायचे?

वजनाचे दोन आकडे असतात. ‘किमान वजन’ म्हणजे फक्त आतला तंबू, वरचं कव्हर आणि दांडे. ‘पॅक वजन’ म्हणजे खुंट्या, दोऱ्या, पिशव्यांसकट. आपण वाहतो ते दुसरं. जाहिरातीत ठळक दिसतो तो पहिला.

दोन माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू दोन सॅक आत घेत नाही. जमिनीची रुंदी बघा; १३० सेंटीमीटरच्या आत असेल तर दोन मॅट जेमतेम बसतात.

कापडावर पाण्याचा स्तंभ मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो: १५०० किंवा ३००० असा. कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसेल, ते तो सांगतो. वरच्या कव्हरला १५०० ते २००० पुरतं. खालच्या कापडाला जास्त हवं, कारण त्यावर आपलं अंग दाबून असतं. पण गळतं ते बहुधा शिवणीतून. शिवण आतून पट्टी लावून बंद केली आहे का, ते बोट फिरवून बघा.

आता सह्याद्रीपुरती सगळ्यात कळीची गोष्ट. परदेशातले बरेच हलके तंबू ट्रेकिंग पोलवर उभे राहतात आणि खुंट्या रुतल्या तरच टिकतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या परिसरात जमीन म्हणजे कातळ. खुंटी अर्धा इंचसुद्धा जात नाही. अशा जागी स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू बरा, तो दोन-तीनशे ग्रॅम जड असला तरी. पोलचा तंबू असलाच तर प्रत्येक कोपऱ्याला हातभर जादा दोरी बांधून न्या. दोरीच्या फासात खुंटी आडवी अडकवायची आणि तिच्यापुढे, तंबूच्या अंगाला, मोठा दगड ठेवायचा. दोरी ताणली की खुंटी दगडाला मागून अडते. नुसती दोरी दगडाला गुंडाळली तर धारेवर घासून तुटते. आणि कड्याच्या काठापासून लांब, झुडपांच्या आडोशाला लावा. खालून वर येणारा वारा रिकामा तंबू उचलून नेतो.

स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं लिहिलेली असतात. कुठलं बघू?

पहिलं, म्हणजे कम्फर्ट. युरोपातल्या ईएन १३५३७ आणि आता आयएसओ २३५३७ या मानकांनुसार कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई मोकळेपणी झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आकसून रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल इतपत, तेही हायपोथर्मियाचा, म्हणजे अंग जीवघेणं गार पडण्याचा, धोका पत्करून. दुकानदार ‘शून्यापर्यंत चालते’ म्हणाला तर कुठला आकडा ते विचारा. बॅगेवर मानकाचा उल्लेखच नसेल तर लिहिलेल्या तापमानावर फार विसंबू नका.

आपल्या गडमाथ्यांवर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो. त्याला कम्फर्ट ५ ते १० अंश पुरतं. उणे पाचची बॅग घेऊन हरिश्चंद्रगडावर जाणारा माणूस रात्री ती पांघरूण म्हणून अर्धी उघडी टाकून झोपतो आणि सकाळी पावणेदोन किलो पुन्हा पाठीवर घेतो. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत फ्लीसचा लायनर (बॅगेच्या आत घालायची पातळ पिशवी) आणि अंगात स्वेटर एवढ्यावर भागतं.

सोलापुरी चादर? ऊब चांगली, वजन आणि आकार दोन्ही नडतात. गावात मुक्काम असेल तर तिथे ती मिळतेच.

डाऊन चांगलं की सिंथेटिक?

वजनाच्या मानाने ऊब बघितली तर पिसांचं डाऊन सरस. त्याचा फिल पॉवर हा आकडा एक औंस डाऊन किती घन इंच फुलतं ते सांगतो. ६०० ठीक, ८०० उंची. पण ओलं झालं की त्याचा गोळा होतो आणि ऊब संपते. आपल्याकडचं दव, किनाऱ्याजवळची दमट हवा आणि सॅकमध्ये गळणारी बाटली यांचा विचार करता सह्याद्रीपुरती सिंथेटिक बॅग पुरेशी आणि बरीच स्वस्त आहे. डाऊनचे पैसे हिमालयासाठी राखून ठेवा.

मॅट फुगवायची की फोमची?

फोमची. करवंदीच्या काट्याला फुगवायची मॅट फार आवडते.

मॅटची ऊब आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात आणि एएसटीएम एफ३३४० हे मानक आल्यापासून वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. साध्या फोमची आर-व्हॅल्यू १ ते २ असते, आपल्या हिवाळ्याला तेवढी चालते. बर्फावर ४ च्या वर हवी. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून बर्फासाठी नवी जाड मॅट घेण्याआधी असलेल्या दोन मोजा. कूस बदलून झोपणाऱ्यांना फोम कमरेला टोचतो, त्यांनी फुगवायची घ्यावी आणि पंक्चरचं सामान विसरू नये.

बूट घोट्याच्या वर येणारे घ्यावेत का?

पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा जास्त दमवतं, कारण ते दर पावलाला उचलावं लागतं. उंच लेदरचा जोड सव्वा किलोच्या पुढे जातो, ट्रेल रनिंगचे बूट सहा-सातशे ग्रॅममध्ये येतात. सॅक दहा-अकरा किलोची असेल आणि घोट्याची जुनी दुखापत नसेल तर खालचे बूट चालतात.

मात्र सह्याद्रीत बूट निवडायचे ते तळव्यावरून. कोरड्या कातळावर रबर चिकटलं पाहिजे आणि घसाऱ्यावर खाचा रुतल्या पाहिजेत. इथल्या ट्रेकर्सच्या पायात वर्षानुवर्षं ‘अ‍ॅक्शन’ कंपनीचे साधे, स्वस्त ट्रेकिंगचे बूट दिसतात ते याच कारणाने. त्यांच्या किमतीच्या कितीतरी पट महागडे परदेशी बूट ओल्या दगडावर घसरताना मी पाहिलेत. टणक रबराचा तळवा वर्षानुवर्षं झिजत नाही, पण पकडही देत नाही. दुकानात अंगठ्याच्या नखाने रबर दाबून बघा. थोडं दबलं पाहिजे. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलाही बूट भरवशाचा नाही.

वॉटरप्रूफ अस्तराचे बूट आपल्याकडे नकोत. हिवाळ्यात पाय घामेजतात, पावसाळ्यात पाणी वरून आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते.

बूट संध्याकाळी, म्हणजे पाय थोडे सुजलेले असताना, जाडे मोजे घालून घ्या. उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत ना, ते दुकानाच्या जिन्यावर कळतं.

पावसाळ्यात काय बदलतं?

जवळजवळ सगळं, आणि म्हणूनच पावसाळ्यात लांब रेंज ट्रेक कमीच लोक करतात. ओढे अडवतात, धुक्यात वाट हरवते.

‘श्वास घेणारं’ म्हणून विकलं जाणारं महाग जॅकेट थंड, कोरड्या हवेत काम करतं. जुलैत भीमाशंकरच्या जंगलात बाहेरची हवाच ओलीचिंब असते. घामाला बाहेर पडायला जागा नसते आणि आतून भिजायला होतं. साधा पोंचो स्वस्त पडतो, हवा खेळते आणि सॅकही झाकते. उघड्या धारेवर वाऱ्यात मात्र तो फडफडतो, तेव्हा कमरेला दोरी बांधा.

सॅकचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने येणारं पाणी अडवत नाही. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात, आणि तोंड पिळून दुमडून टाका. ही पिशवी रेनकव्हरपेक्षा हलकी असते आणि कोरडं ठेवायचं तिचं काम ती खरोखर करते. सुती कपडे घरी.

स्टोव्ह, गॅस आणि खाणं यात वजन कसं वाचवायचं?

दोन रात्रींसाठी स्टोव्ह न्यायलाच हवा असं नाही. पोहे, दाण्याचं कूट, मेतकूट, लिंबू, चटणी, गूळ, खाकरे, दशम्या, चिक्की, सत्तू यातलं काहीही शिजवावं लागत नाही. पातळ पोहे तर गार पाण्याच्या हबक्यानेही मऊ होतात. पण थंडीत सकाळचा चहा नसेल तर ग्रुप फुटतो, हेही खरं.

कोरडा शिधा माणशी दिवसाला ६०० ग्रॅम धरा. वजनाला उष्मांक मोजायचे झाले तर तूप ग्रॅमला नऊ, शेंगदाणे साडेपाचच्या वर, पोहे आणि गूळ साडेतीन-चार. म्हणजे खिचडीत घातलेलं दोन चमचे तूप तेवढेच उष्मांक देणाऱ्या तांदळापेक्षा पाठीला स्वस्त पडतं. संत्री, काकडी, उकडलेली अंडी पहिल्या दिवशी संपवा. कांदे-बटाटे वाडीत विकत घ्या.

स्क्रूवाल्या गॅसच्या २३० ग्रॅमच्या डब्याचं रिकामं वजनच दीडशेच्या आसपास असतं. वारा नसेल तर लिटरभर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस जातो, त्यावरून किती लागेल ते काढा. पाच जणांत दोन डबे नेऊन दोन्ही अर्धे परत आणणं हा नेहमीचा प्रकार. चहापुरतं दोघातिघांना शंभर ग्रॅमचा लहान डबा पुरतो. डबा विमानात नेता येत नाही, चेक-इनमध्येसुद्धा नाही, आणि रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तूंना बंदी आहे. लांबच्या ट्रेकला तो तिथेच जाऊन घ्यावा. अभयारण्यात लाकडं गोळा करून शेकोटी पेटवायची नाही.

रात्री खाणं तंबूत मोकळं ठेवू नका, आणि दिवसा तर मुळीच नको. गडावरची माकडं चेन उघडत बसत नाहीत, कापड फाडतात.

पॉवर बँक किती मोठी?

१०,००० एमएएचची, साधारण दोनशे ग्रॅमची, तीन दिवसांना पुरे. पाच हजारांचा फोन तिच्यावर दोनदा भरेल असं गणित करू नका. व्होल्टेज वाढवण्यात आणि उष्णतेत बरीच वीज जाते, प्रत्यक्षात सव्वा ते दीड वेळा भरतो. रेंज नसलेल्या दरीत फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी पितो. एअरप्लेन मोडवर टाका. आधी उतरवून घेतलेले नकाशे आणि जीपीएस तरीही चालतात. टॉर्च डोक्याला बांधायचीच, म्हणजे शिडीवर दोन्ही हात मोकळे.

सॅटेलाइट मेसेंजर आणू का?

भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र बाळगणं बेकायदेशीर आहे. परदेशी ट्रेकर्सना यावरून विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेहून येणाऱ्या भावाला ‘येताना एक घेऊन ये’ असं सांगू नका. नुसतं जीपीएस दाखवणारं घड्याळ वापरायला हरकत नाही.

मी कॅलिफोर्नियात असतो. तिकडची यादी इथे आणि इथली तिकडे चालेल का?

अर्धी. तिकडच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत बऱ्याच भागांत अस्वलाला न उघडणारा टणक डबा सक्तीचा आहे, त्याचंच वजन किलोभर. इथे त्याची गरज नाही. तिकडे पाणवठे जवळजवळ असतात म्हणून लोक लिटरभर पाण्यावर फिरतात. इथे फेब्रुवारीनंतर तसं करू नका. तिथला दगड, माती आणि पायवाट बघून निवडलेला खुंट्यांवरचा तंबू आणि पातळ सॅक इथे का नडतात ते वर आलंच. उलट दिशेने, इथली ५ अंशांची स्लीपिंग बॅग दहा हजार फुटांवर ऑगस्टमध्येसुद्धा अपुरी पडू शकते.

हिमालयासाठी वेगळं काय लागेल?

आयोजकांबरोबर जात असाल तर तंबू, स्लीपिंग बॅग, जेवण त्यांचं असतं आणि जादा पैसे देऊन सॅकही खेचरावर टाकता येते. मग तुमच्या पाठीवर पाच-सहा किलो राहतात, आणि हलक्या सामानाची चर्चा बरीचशी गैरलागू होते.

स्वतःचं स्वतः करायचं असेल तर तापमानाचा हिशेब करा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. सांकरीत (उत्तराखंडातलं, ट्रेक सुरू होतात ते गाव) रात्री ५ अंश असेल तर हजार-दीड हजार मीटर वर पारा उणे जाणारच. गॅसचा प्रकारही बघा: सुपरमार्केटमधल्या लांबट डब्यात बहुधा नुसता ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या आसपास वायूच होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या.

कुठल्या गोष्टींवर वजन वाचवू नये?

प्रथमोपचार, टॉर्च आणि तिची जादा बॅटरी, शिट्टी, ओआरएस, एक गरम थर, आणि पुढच्या पाणवठ्यापर्यंत पुरून लिटरभर उरेल इतकं पाणी. क्रेप बँडेज दोन न्या. मुरगळलेल्या घोट्यालाही लागतं आणि सर्पदंशात हातपाय हलू न देता बांधून ठेवायलाही. चावलेल्या जागी चिरा देणं, रक्त चोखणं, आवळून दोरी बांधणं यातलं काही करायचं नाही. १०८ ला फोन आणि शक्य तितक्या लवकर दवाखाना. कातळटप्प्यांच्या ट्रेकला हेल्मेट आणि दोर यांचं वजन मोजायचंच नसतं.

सगळं एकदम घेऊ, की हळूहळू? वापरलेलं चालेल का?

आधी बूट, मग सॅक. या दोन अंगाच्या मापाच्या वस्तू, दुसऱ्याच्या चालत नाहीत. तंबू आणि स्लीपिंग बॅग पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतात. दोन-तीन वेगवेगळे प्रकार वापरून मग विकत घ्या. भाड्याच्या बॅगेची चेन दुकानातच पूर्ण उघडून-लावून बघा आणि आत लायनर वापरा.

वापरलेला तंबू घेताना तो उलगडून हात फिरवा आणि वास घ्या. आतला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत कुजतो. मग कापड चिकट लागतं, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. असा तंबू फुकट मिळाला तरी नको. कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिलेल्या बुटांचंही तेच. दिसायला कोरे करकरीत, आणि पहिल्याच उतारावर तळवा टाळ्या वाजवायला लागतो. निघायच्या आदल्या आठवड्यात ते घालून रोज तासभर चाला.

आणि स्वतःचं सामान परत आल्यावर लगेच उन्हात नको, सावलीत वाळवा. तंबू दुसऱ्या दिवसापर्यंत पिशवीत राहिला तर बुरशीचे ठिपके पडतात, ते जात नाहीत. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून वर्षभर ठेवू नका, तिचं फुलणं मरतं. उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून माळ्यावर टाका. टॉर्चमधले सेल काढून ठेवा.